कुंदाताईंचे नऊ सिंह

कुंदाताई सरनाईकांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात, त्यामुळे त्यात काही नवल नाही. नवल होतं ते भांडणाच्या कारणाचं.

मी तेव्हा नुकतीच कोर्टात दुभाषी म्हणून जायला लागले होते. पश्चिम लंडनमधलं एक क्राउन कोर्ट. विटांची बसकी इमारत, बाहेरून बघणाऱ्याला कौन्सिलची लायब्ररी वाटावी अशी. पहिल्याच दिवशी कोर्टरूमचं दार ढकलून आत शिरले तेव्हा जज खुर्चीत बसलेले होते. मी आपली सरळ चालत माझ्या जागेवर गेले आणि बसले. मधल्या सुट्टीत काळा गाउन घातलेली एक बुटकी, सावळी, साठीकडे झुकलेली बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'अशर' असं लिहिलेलं. अशर म्हणजे आपल्याकडच्या कोर्टातला पुकारा करणारा पट्टेवालाच म्हणा, फक्त इथे त्याला गाउन असतो आणि साक्षीदारांना शपथही तोच देतो.

"यू डिड नॉट बो," बाई म्हणाल्या.

"आय डोन्ट बो टु पीपल," मी म्हटलं. नोकरी नवी होती, पण जीभ जुनीच होती.

"नॉट टु हिम. बिहाइंड हिम." आणि त्यांनी हनुवटीने वर दाखवलं.

जजच्या खुर्चीमागे, भिंतीवर, राजघराण्याचं चिन्ह होतं. लाकडात कोरलेलं, रंगवलेलं, दोन माणसांनी हात पसरून धरावं एवढं मोठं. मधे ढाल, डावीकडे मुकुट घातलेला सिंह, उजवीकडे एकशिंगी पांढरा घोडा, खाली फ्रेंचमध्ये काहीतरी लिहिलेलं. इथे पासपोर्टावर असतं, कोर्टाच्या कागदावर असतं, मुरंब्याच्या बाटलीवरसुद्धा असतं. रोज नजरेखालून जातं म्हणून कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी बसस्टॉपवर बाई पुन्हा भेटल्या. गाउन पिशवीत, अंगावर लाल कार्डिगन. आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "पुण्याची ना गं तू?"

मी उडालेच. "कशावरून?"

"मान वाकत नाही त्यावरून."

मी फणकारले. म्हटलं, आमच्या पूर्वजांनी दीडशे वर्षं यांच्यापुढे माना वाकवल्या त्या पुरे नाही झाल्या का? आता राणीच्या चित्रालाही नमस्कार घालायचा? त्यांनी माझं पुरतं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "राणी इथे कधी येते का? नाही. कधी येणार आहे का? नाही. म्हणूनच ते लावलंय. खाली बसतो त्या जजला वाटायला नको की हे सगळं आपलं आहे. तो पण आत येताना त्यालाच मान देतो, आणि चोर पण त्याच्याच खाली उभा राहतो. दोघांच्या वर तेच. पटलं तर वाक, नाही तर नको वाकू. पण मग माझ्या कोर्टात बसू नकोस."

माझ्या कोर्टात! जजनेसुद्धा कधी असं म्हटलं नसतं. मला त्यांचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशी मी मान झुकवली. अगदी थोडी, कुणाला दिसेल न दिसेल इतकी. त्यांना दिसली.

हाउन्सलोहून एकाच बसने येणं-जाणं असल्यामुळे पुढे आमचं चांगलंच जमलं. पण ते बसपुरतं. इमारतीच्या दारातून आत पाऊल टाकलं की कुंदाताई मला ओळख दाखवायच्या नाहीत असं नाही, पण मराठीचा एक शब्द काढायच्या नाहीत. एकदा जिन्यात मी सहज विचारलं, "ताई, डब्यात काय आणलंय?" तर माझ्याकडे न बघता त्यांनी उत्तर दिलं, "सँडविच." पुढे बसमध्ये झापलं. "आत इंग्लिश. दोघं जण तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोलायला लागले की तिसऱ्याला वाटतं आपल्याविषयीच चाललंय. बाहेर वाटलं तर वाटू दे. कोर्टात कुणाला तसं वाटता कामा नये. आणि डब्यात थालीपीठ होतं."

नियमांच्या बाबतीत बाई म्हणजे अगदी कहर. रबरी तळव्याचे काळे बूट, पाऊल वाजत नसे. खिशात आलेपाकाच्या वड्या, पण कोर्टरूममध्ये खायचं नाही म्हणजे नाही. खोकल्याने जीव चाललेला असला तरी दाराबाहेर जाऊन तोंडात टाकायच्या आणि संपवून आत यायच्या. राणी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट सुरू करताना त्यांना 'गॉड सेव्ह द किंग' असा पुकारा करायचा होता. इतकी वर्षं राणी म्हणायची सवय. त्या सकाळी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून तो एक शब्द पुटपुटत होत्या. कोर्टात चुकल्या नाहीत. वकील मात्र दोन चुकले.

आणि इल्फर्डचा चिवडा! हा किस्सा मी डोळ्यांनी पाहिला आहे. कोणीतरी त्यांना चिवड्याचं पाकीट भेट दिलं. पाकिटावर सोनेरी शाईत सिंह, घोडा, ढाल, सगळं जसंच्या तसं. कुंदाताईंनी चिवडा खाल्ला नाही. शनिवारी मला बरोबर घेऊन लंडनच्या या टोकाहून त्या टोकाला, इल्फर्डला त्या दुकानात गेल्या. मालक तिशीतला, इथेच जन्मलेला, मराठी आईचा मुलगा.

"हे कोणी छापलं?" कुंदाताईंनी पाकीट पुढे धरलं.

"मी. डिझाइन आहे आंटी. इंटरनेटवरून घेतला. रॉयल दिसते ना?"

"राजाने तुझा चिवडा खाल्लाय का?"

"नो..."

"मग? ज्यांच्याकडचा माल राजवाड्यात जातो ना, त्यांनाच हे लावता येतं. कागद येतो तसा. आणि देणारा गेला की त्यांनाही उतरवावं लागतं, दोन वर्षांच्या आत. शंभर वर्षांची दुकानं आपल्या पाट्या उतरवतायत आणि तू काल उठून लावतोस? गुन्हा आहे हा."

बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "पण आंटी, कोण बघते?"

"मी बघते," कुंदाताई म्हणाल्या. महिन्याभराने पाकिटावर साधा मोर आला. तेव्हा कुठे त्यांनी दोन किलो चिवडा मागवला आणि अख्ख्या स्टाफला वाटला.

आता वाचणाऱ्याला वाटेल की बाई नुसतीच करडी. तसं नव्हतं. त्यांची खरी किमया साक्षीदारांच्या बाबतीत दिसायची. कोर्टात साक्ष द्यायला येणारा माणूस किती घाबरलेला असतो, ते बाहेरच्याला कळणार नाही. धिप्पाड लॉरी ड्रायव्हर शपथेचं कार्ड हातात धरून थरथरताना मी पाहिलेत. अशा माणसाला पिंजऱ्यात उभं करताना कुंदाताई हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "लुक अप देअर. हाउ मेनी लायन्स? काउंट देम." एवढंच. माणूस वर बघायचा, मोजायला लागायचा, आणि मोजता मोजता त्याचा श्वास जागेवर यायचा.

मी एकदा मोजले. आठ आले.

"सगळ्यांचे आठच येतात," बसमध्ये त्या खुशीत म्हणाल्या. "ढालीच्या दोन खणांत तीन-तीन, ते इंग्लंडचे, झाले सहा. तिसऱ्या खणात लाल, मागच्या पायांवर उभा, तो स्कॉटलंडचा. सात. चौथ्या खणात नुसती वीणा, ती आयर्लंडची. बाहेर ढाल धरून उभा तो आठ. आणि वर? मुकुटावर छोटासा एक उभा आहे, तो सुटतो. नऊ."

"आणि घोडा?"

"घोड्याच्या गळ्यातली साखळी बघितलीस? तो फार दांडगा म्हणून त्याला साखळी. सिंहाला नाही. ज्याच्या अंगात जास्त जोर, त्याला बांधून ठेवायचं. जजचंही तसंच असतं बघ."

हे सगळं कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कोण शिकवणार? मी वीस वर्षं त्याच्याकडे तोंड करून उभी आहे. जजची पाठ असते. त्यांच्यापेक्षा मला जास्त दिसतं." ग्लासगोला त्यांची मुलगी डॉक्टर आहे. तिच्याकडे जाऊन आल्या की सांगायच्या, "तिथे सगळं उलटं गं. घोडा डावीकडे, मानाच्या जागी, आणि त्यालाही मुकुट. सिंह बिचारा उजवीकडे." मी विचारलं, "तिथे सिंह किती?" तर म्हणाल्या, "नाही मोजले. मी तिथे पाहुणी."

निवृत्तीला चार महिने राहिले असताना मंदाची केस आली.

मंदा हे तिचं नाव नाही. साताऱ्याकडची पोरगी, तेवीस वर्षांची. लंडनमधल्या एका मराठी जोडप्याने मुलं सांभाळायला म्हणून तिला आणलं होतं. दोघंही मोठ्या हुद्द्यांवरची, चारचौघांत मान असलेली. विमानतळावरून घरी आल्या आल्या तिचा पासपोर्ट काढून घेतला, कपाटात कुलपात ठेवला, आणि दोन वर्षं तिला एकटीला रस्त्यावर पाऊल टाकू दिलं नाही, असा आरोप होता. शेजारच्या म्हातारीला संशय आला म्हणून ती सुटली. जोडप्याचं म्हणणं, आम्ही पोटच्या मुलीसारखं ठेवलं, आता हिला या देशात राहायचंय म्हणून खोटं बोलतेय. कागदपत्रांत फारसं काही नव्हतं. सगळी केस मंदाच्या तोंडावर उभी होती. ती बोलली तर केस, नाही बोलली तर ते दोघं घरी. मी त्या लोकांना ओळखत नव्हते, नाहीतर मला ते काम घेताच आलं नसतं.

त्यांना बघून मंदाची वाचा बसू नये म्हणून पिंजऱ्याभोवती पडदा लावायचं ठरलं होतं. तिला फक्त जज दिसणार, ज्युरी दिसणार, प्रश्न विचारणारा वकील दिसणार. आणि भिंत.

साक्षीच्या दिवशी सकाळी ती कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती. मी शेजारी. दुभाष्याने साक्षीदाराशी अवांतर बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प. ती एकसारखी आपल्या ओढणीचं टोक पिळत होती. कुंदाताई हातात यादी घेऊन आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आर यू रेडी?"

मंदाने वर बघितलं. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आडनाव वाचलं असावं, किंवा चेहरा ओळखीचा वाटला असावा. एकदम त्यांचा गाउन धरला. "बाई, मला नाही जमायचं. मला घरी जाऊ द्या. गावाला जाऊ द्या. माझी काही तक्रार नाही."

मी पुतळ्यासारखी बसून राहिले. आजही त्याची लाज वाटते.

कुंदाताईंनी इकडेतिकडे बघितलं नाही. वाकल्या आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्या इमारतीत मराठीत बोलल्या. "आत गेलीस की समोर वर बघ. भिंतीवर सिंह आहेत. ते किती आहेत ते मोज. भीती वाटली की पुन्हा मोज. कुणाकडे बघायचं नाही, सिंहांकडे बघायचं." मंदाने मान हलवली, पण गाउन सोडला नाही. तेव्हा कुंदाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ते दोघं आता तुझं काही वाकडं करू शकत नाहीत. मी दारातच उभी आहे."

सिंहांचं ठीक होतं, पण हे वाक्य अशरने बोलायचं नव्हतं. अशर कुणाच्या बाजूचा नसतो. आरोपी दोषी आहेत की नाहीत हे ठरायचंय, आणि हिने ठरवूनच टाकलं! मी मान वळवली तर दहा पावलांवर कॉफीचा कप घेऊन एक बाई उभी. आरोपी नवऱ्याची बहीण. मराठी कळणारी.

मंदा बोलली. सुरुवातीला आवाज इतका बारीक की जजना दोनदा सांगावं लागलं. पण बोलली. प्रश्न आला की ती जजच्या डोक्यावरून वर बघायची, तिचे ओठ किंचित हलायचे, आणि मग उत्तर यायचं. पासपोर्ट कुठे ठेवला होता, किल्ली कुणाकडे असायची, दार बाहेरून कसं लावायचे. कुंदाताईंनी प्लास्टिकच्या पिशवीतला तो पासपोर्ट तिच्यासमोर धरला. निळ्या पुठ्ठ्यावर आपले सिंह. "हा माझा," मंदा म्हणाली, आणि मी त्याचं इंग्रजी केलं.

दुपारी बचाव पक्षाच्या वकीलबाई उलटतपासणीला उभ्या राहिल्या. सभ्य, मऊ आवाजाच्या, आणि तीक्ष्ण. दोन-तीन प्रश्न झाले असतील, तेवढ्यात मागून त्यांच्याकडे एक चिठ्ठी आली. वाचली, पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, युअर ऑनर, ज्युरीच्या गैरहजेरीत एक मुद्दा मांडायचा आहे.

ज्युरी बाहेर गेली. मुद्दा साधा होता. आज सकाळी कोर्टाच्या अशरने साक्षीदाराला बाजूला घेऊन तिच्या भाषेत काहीतरी पढवलं. वर बघ, असं सांगितल्याचं एकीने ऐकलंय. साक्षीदार सकाळपासून वर बघून उत्तरं देते आहे. अशा साक्षीला काय अर्थ? खटला इथेच थांबवावा.

पडद्याआड मंदा माझ्याकडे बघत होती, काय झालं म्हणून. मला तिला सांगायची परवानगी नव्हती. खटला थांबला तर पुन्हा कधी उभा राहणार? वर्षाने? आणि ही पोरगी पुन्हा एकदा हे सगळं बोलायला येणार? शक्यच नव्हतं. माझी तर पाचावर धारण बसली होती, कारण ते दुसरं वाक्य ऐकणारी तिसरी व्यक्ती मी होते.

जजनी कुंदाताईंकडे बघितलं. "मिसेस सरनाईक?"

त्या दाराशी उभ्या होत्या. तिथून चालत पुढे आल्या, आणि म्हणाल्या, मला शपथ घेऊन बोलायचंय. वीस वर्षांत हजारो लोकांच्या हातात त्यांनी शपथेचं कार्ड दिलं असेल. क्लार्कने ते त्यांच्या पुढे केलं. त्यांनी हातात घेतलं, पण बघितलं नाही. सगळं पाठ होतं.

त्यांनी सांगितलं की साक्षीदार घाबरली होती, मी तिला सिंह मोजायला सांगितलं. मी सगळ्यांना सांगते. फक्त आज मराठीत सांगितलं, ती माझी चूक.

"सिंह?" जज म्हणाले.

"युअर ऑनरच्या मागे. नऊ आहेत."

आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. जज खुर्चीत वळले. विग घातलेला तो उंच माणूस, मान मागे टाकून, बोट हवेत हलवत, आपल्या डोक्यावरचे सिंह मोजायला लागला. वकील मोजायला लागले. सगळं कोर्ट माना वर करून मोजत होतं. माझाही जीव जरा भांड्यात पडला. म्हटलं, सुटलो.

जज पुढे वळले. वकीलबाई बसायच्याच बेतात होत्या. बसता बसता त्यांनी विचारलं, "अँड दॅट वॉज ऑल?"

हो म्हणा, मी मनात म्हटलं. ताई, हो म्हणा. त्या नणंदेने एवढंच ऐकलंय. दुसरं वाक्य कोणाला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मला कोणी विचारलेलं नाही. एका शब्दाने पोरगी वाचते, तुमची नोकरी वाचते.

कुंदाताईंनी वर भिंतीकडे बघितलं. "नो," त्या म्हणाल्या. "आणखी एक वाक्य बोलले. ते मी मराठीत बोलले, तसंच मराठीत सांगते. इंग्रजी मात्र इंटरप्रिटरने करावं. मी केलं तर ते माझ्या सोयीचं होईल."

बाई गं! मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. ते दोघं आता तुझं काही वाकडं करू शकत नाहीत. मी दारातच उभी आहे. आणि सगळं कोर्ट माझ्याकडे बघायला लागलं.

मी थोडं मऊ करून सांगू शकले असते. काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल, असं काहीतरी. कुणालाही पत्ता लागला नसता. मी कुंदाताईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. इल्फर्डच्या दुकानात त्या पोराने विचारलं होतं, कोण बघते? मी वाक्याचं इंग्रजी केलं. एकही शब्द न गाळता.

जजनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मंदाला विचारलं, माझ्यामार्फत, की काय बोलायचं हे तुला कोणी सांगितलं का?

मंदा म्हणाली, "नाही. बाईंनी सिंह मोजायला सांगितले. मी सकाळपासून मोजतेय. नऊ आहेत." आणि थोडं थांबून, "बाकीचं माझं मला माहितीये. ते कोण शिकवणार?"

जजनी वीस मिनिटं घेतली. ती वीस मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. परत आले तेव्हा म्हणाले, अशरने हे बोलायला नको होतं, आणि ते तिने स्वतःच सांगितलं आहे. साक्षीत काय सांगायचं याबद्दल एकही शब्द झालेला नाही. ज्युरीला घडलं ते सगळं सांगितलं जाईल. खटला चालू राहील. मिसेस सरनाईक यापुढे या खटल्यात काम करणार नाहीत, आणि याची चौकशी होईल.

कुंदाताईंनी यादी क्लार्कच्या टेबलावर ठेवली, दारापर्यंत गेल्या, वळल्या, भिंतीकडे बघून मान झुकवली आणि बाहेर गेल्या. बूट वाजले नाहीत. पडद्याआडून मंदाला ते दिसलं नाही. पुढचे दोन तास तिने उलटतपासणी झेलली आणि एकदाही रडली नाही.

बसमध्ये त्या दिवशी कुंदाताई नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही नव्हत्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "तू अजून त्या केसवर आहेस. माझ्याशी बोलू नकोस." आणि ठेवला. नंतर कळलं की चौकशी होईपर्यंत त्यांना कोर्टरूममध्ये पाऊल टाकायची मनाई झाली, कागदांच्या खोलीत बसा म्हणाले. त्यांनी राजीनामा दिला. चार महिने राहिले होते. निरोपाचा केक नाही, कार्ड नाही, काही नाही.

निकालाच्या दिवशी मी कोर्टात गेले. मंदा निकाल ऐकायला आली होती, तिच्यासाठी. ज्युरी आत येत होती तेव्हा माझी नजर वर प्रेक्षकांच्या गॅलरीत गेली. तिथे, सगळ्यात शेवटच्या रांगेत, लाल कार्डिगन घालून कुंदाताई बसल्या होत्या. आता त्या कोणीच नव्हत्या, कुणालाही येता येतं तशा आल्या होत्या. गाउनशिवाय एवढीशी दिसत होती बाई. केस नीट विंचरलेले, मांडीवर पिशवी.

ज्युरीतली एक बाई उभी राहिली. क्लार्कने विचारलं, निकाल काय? मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी वरच बघत होते. कुंदाताई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून हलत होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. त्यांनाही भीती वाटत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"गिल्टी," ज्युरीतली बाई म्हणाली. नवऱ्यासाठी. मग बायकोसाठी पुन्हा एकदा. मंदाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. तिचा पासपोर्ट तिला मिळणार होता.

बाहेर आले तेव्हा कुंदाताई बसस्टॉपवर उभ्या होत्या. मी धावतच गेले. काय काय बोलायचं होतं. माफी मागायची होती, भांडायचंही होतं. पण त्यांनीच आधी विचारलं, आजूबाजूला कोणी नाही हे बघून, मराठीत.

"नऊच आहेत ना गं? मला आज आठच येत होते."

"नऊच आहेत, ताई," मी म्हटलं. "गॅलरीतून मुकुटावरचा दिव्याच्या आड जातो."

"हो का? मी तिथे कधी बसलेच नव्हते गं." त्यांनी कार्डिगनच्या बाहीने डोळे पुसले. "मला वाटलं, एक गेला."

आणि आमची बस आली.